पाटीचा रंग कोणता?

प्रश्न : ताई, पंधरा दिवसांत दोन पेपरांत 'कार शेअरिंग'वर वाचलं. एक म्हणतो, पैसे वाचतात. दुसरा म्हणतो, बेकायदा आहे, दंड बसतो. आमची गाडी आठवड्यातून दोनदा निघते, एरवी उन्हात उभी. विकून टाकू का?
— एक निवृत्त वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : काका, दोन्ही बातम्या खऱ्या असू शकतात, कारण पेपरवाले एकाच शब्दात तीन गोष्टी कोंबतात. सहकाऱ्याला सोबत घेऊन मिहानला कामावर जाणं वेगळं. तासाच्या हिशेबाने गाडी घेऊन स्वतः चालवणं वेगळं. त्या गाडीची नंबराची पाटी काळी, अक्षरं पिवळी. पांढऱ्या पाटीच्या घरच्या गाडीवर भाडं कमावणं तिसरंच, आणि दंडाची भानगड तिथे येते. शिवाय भाड्याने दिलेल्या गाडीला अपघात झाला, तर खासगी वापराचा विमा भरपाई देत नाही. बातमीत हे आधी यायला हवं, ते शेवटच्या ओळीतही सापडत नाही याचं मला फार वाईट वाटतं. लोक आयुष्यभराच्या कमाईतली वस्तू त्या बातमीवर विकायला निघतात हो!

सुरू झालं की मोठा फोटो, बंद पडलं की चार ओळी, हीसुद्धा रीत. पॅरिसची 'ऑतोलिब' ही वाटून वापरायच्या गाड्यांची सेवा २०११मध्ये गाजत सुरू झाली, २०१८मध्ये बंद झाली. स्वित्झर्लंडमध्ये मात्र १९८७ साली लोकांनी सहकारी संस्था काढून गाड्या वाटून वापरायला घेतल्या. त्यातून १९९७ला झालेली 'मोबिलिटी' आजही चालू आहे.

आमच्या प्रतापनगरच्या गल्लीत आम्ही दोन घरं सहा वर्षं एकच गाडी वापरतो. गाडी आमच्या नावावर, भाडं नाही. जो जेवढी फिरवेल, तेवढं पेट्रोल त्याने भरायचं. चावीच्या खिळ्याला सुतळीने शंभर पानी वही बांधली आहे : तारीख, जातानाचं रीडिंग, आल्यावरचं रीडिंग. पहिल्याच उन्हाळ्यात शेजारी रामटेकहून आले, गाडी लावली. त्याच रात्री सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं. चावी फिरवली, तर काटा लाल रेघेवर. सासूबाई वाचल्या, पण पंपावर घालवलेली ती दहा मिनिटं मी विसरलेले नाही. तेव्हापासून वहीच्या पुठ्ठ्यावर लाल पेनाने लिहिलंय : 'अर्ध्या टाकीच्या खाली आणू नये.'

तुम्ही लगेच विकू नका. महिनाभर अशी वही ठेवा. बर्डीची कामं सुभाषनगरहून मेट्रोने करून पाहा. उरलेल्या फेऱ्या ऑटोने भागल्या, तर खुशाल विका. नाहीच भागल्या, तर भरवशाचं एक घर शोधा. वहीची पानं मी आखून पाठवते.