थंडीत पाइन बोन्सायच्या सुया पिवळ्या-तांबूस का होतात? झाड गेलं म्हणायचं का?

तुम्ही परभणीहून विचारलंय की गच्चीवरच्या पाइन बोन्सायच्या सुया डिसेंबरपासून पिवळसर-तांबूस पडत चालल्यात. हे थंडीनं होतंय का आणि पाणी, खत वाढवू का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई केली तर झाड हातचं जाईल. पाणी वाढवू नका, खत टाकू नका, कुंडी तर अजिबात बदलू नका. आधी झाड नीट बघा.

मी लातूरला गच्चीवर चीर पाइन (हिमालयातला देशी पाइन) आणि जुनिपर (पाइनसारखंच एक सदाहरित झाड) सांभाळतो. थंडी सुटली की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच.

थंडीनं रंग बदलतो, हे खरं आहे. रात्री पारा उतरला की सुईतलं अन्न तयार करायचं काम मंदावतं, पण दिवसा ऊन मात्र चांगलं कडक असतं. घेतलेला प्रकाश वापरता येत नाही, म्हणून झाड हरितद्रव्य कमी करतं आणि जादा प्रकाश झेलणारी पिवळी रंगद्रव्यं वाढवतं. म्हणजे हा झाडाचा स्वतःच्या बचावाचा उपाय आहे. स्कॉट्स पाइनच्या काही जाती थंड देशांत हिवाळाभर पिवळ्या दिसतात आणि वसंतात पुन्हा हिरव्या होतात. जुनिपर तर तांबूस-जांभळट होतो.

हा रंग ओळखायची एक खूण अगदी भरवशाची आहे. वरची फांदी हलकेच उचलून तिच्या सावलीत राहिलेल्या सुया बघा. उन्हाकडची बाजू पिवळट आणि सावलीतली हिरवीगार असेल, तर तो ऊन-थंडीचा रंग आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो आपोआप उतरतो.

पण माझं स्पष्ट मत सांगतो, मराठवाड्यात सगळा दोष थंडीवर ढकलू नये. थंडीच्या लाटेत परभणीचा पारा पाच अंशांखाली गेल्याच्या नोंदी आहेत, पण ते मोजके दिवस. एरवी जानेवारीतही दुपारी अठ्ठावीस-तीस अंश असतात. चीर पाइन हिमालयाच्या पायथ्यापासून वर वाढणारं झाड, जपानी ब्लॅक पाइनला तर बर्फही सोसतो. परभणीची थंडी त्यांना एवढी बाधत नाही. सुया सगळीकडून तपकिरी होत असतील, तर मला आधी मुळांचा आणि पाण्याचा संशय येतो.

त्याआधी झाड नक्की कोणतं, हे बघून घ्या. आपल्याकडे नर्सरीत जुनिपर, सुरू, ख्रिसमस ट्री, सगळंच ‘पाइन’ म्हणून विकलं जातं. एका जुडग्यात दोन सुया असतील तर बहुधा ब्लॅक पाइन, तीन लांब लोंबत्या सुया असतील तर चीर. काडी ओढल्यावर सांध्यासांध्यात सुटली तर ती सुरू आहे, आणि तिला हे सगळं लागू नाही.

आता कोणत्या सुया पिवळ्या आहेत ते बघा. खोडाजवळच्या, आतल्या, जुन्या सुया पिवळ्या होऊन हात लावताच अख्ख्या जुडग्यासकट गळत असतील आणि शेंडे हिरवे, कळ्या टपोऱ्या असतील, तर काळजीचं कारण नाही. पाइनची सुई दोन-तीन वर्षं जगते आणि गळते. ती जुनी पानगळ आहे.

उलट शेंड्याकडच्या नव्या सुयाच फिक्या पिवळ्या असतील, तर लोह मिळत नाहीये. आपल्याकडे चुनखडीच्या रानात सोयाबीन पिवळं पडतं, तोच प्रकार. बोअरचं जड पाणी रोज घातलं की कुंडीच्या काठावर पांढरा थर बसतो, माती अल्कधर्मी होते आणि लोह मातीत असूनही मुळाला उचलता येत नाही. यावर युरिया घालून काही उपयोग नाही. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे मुळाला उचलता येईल अशा रूपातलं लोह मागा, पण पाकिटावर ईडीडीएचए (EDDHA) लिहिलेलं. ईडीटीए (EDTA) लिहिलेलं अशा अल्कधर्मी मातीत फार टिकत नाही. जमेल तेव्हा साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं शुद्ध पाणी घाला. आरओमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी मात्र या झाडाला कधीच घालू नका, त्यात क्षार अजून जास्त असतात.

सुयांवर बारीक पिवळसर ठिपके आणि धुरकट रंग दिसला, तर फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. पडलेले बारीक कण चालायला लागले तर लाल कोळी, म्हणजे सुयांतला रस शोषणारी बारीक कीड आहे. फवाऱ्यानं सुया खालूनवरून धुवा, दर दोन-चार दिवसांनी. गरज पडली तर पाण्यात विरघळणारं गंधक सकाळी किंवा संध्याकाळी फवारा, उन्हात नको.

राहिला मुळांचा प्रश्न, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे. काळ्या मातीत लावलेला पाइन थंडीत पाणी पितच नाही म्हणा ना. वरून माती भेगाळलेली आणि आत चिखल, असं होतं. अगरबत्ती जळून उरलेली काडी मातीत खोल खोचा, दहा मिनिटांनी काढा. ओली, मातकट निघाली तर त्या दिवशी पाणी नाही. सूचिपर्णी झाडाची अडचण ही की मुळं सडल्यावरही सुया कित्येक आठवडे हिरव्या राहतात. आधी फक्त त्यांची चमक जाते. म्हणून एक सुई वाकवून बघा. लवचीक असेल तर बरं, कडकन मोडली तर ती गेली. मग एका बारीक फांदीची साल नखानं किंचित खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे.

मुळं सडल्याचा वास येत असेल तरच आता हात घाला. नाहीतर फेब्रुवारीत कळ्या फुगू लागेपर्यंत थांबा आणि तेव्हा विटांचे चाळलेले तुकडे, जाड वाळू, थोडा कोळसा अशा झटकन निथळणाऱ्या मिश्रणात लावा. मुळांवर पांढरी बुरशी दिसली तर घाबरून धुऊन टाकू नका. ती बहुधा पाइनची सोबतीण असते, मुळांना अन्न-पाणी मिळवून देते. जुन्या मातीतली मूठभर नव्या मिश्रणात मुद्दाम मिसळा.

फोटो टाकणार असाल तर तीन टाका: एका जुडग्याचा जवळून, फांदीच्या सावलीतल्या बाजूचा, आणि कुंडीच्या काठाचा. अख्ख्या झाडाच्या फोटोवरून कारण सांगता येणार नाही.