सोर्सिंग मॅनेजरचं काम म्हणजे नुसती घासाघीस असते का?

तुमचा प्रश्न असा: मेकॅनिकलचा डिप्लोमा करून वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत परचेसमध्ये (खरेदी विभागात) आहात, परदेशी ग्राहकांसाठी माल बनवून देणाऱ्या एका कंपनीने सोर्सिंग मॅनेजरची, म्हणजे पार्ट कोणाकडून आणि कोणत्या भावात घ्यायचे हे बघणाऱ्याची, ऑफर दिलीय. हे काम भाव पाडण्यापलीकडे काही असतं का, आणि ऑफर घ्यावी का? मी छत्रपती संभाजीनगरात बरीच वर्षं हेच काम करतोय. माझ्या मते घ्यावी, पण शॉपवर, म्हणजे कारखान्यात मशीनपाशी, उभं राहायची आवड असेल तरच.

अशा कंपनीत ड्रॉइंग ग्राहकाचं, मालावर नाव ग्राहकाचं आणि कितीतरी पार्टचा व्हेंडर, म्हणजे पुरवठादारही, ग्राहकानेच ठरवून दिलेला. भाव त्या दोघांनी आपसात ठरवलेला असतो, त्यात तुम्हाला बोलायला जागा नाही. माल उशिरा आला तर मात्र लाइन तुमची थांबते आणि जाब तुम्हालाच विचारतात. उरलेले पार्ट तुमचे. तिथे तुमची खरी किंमत कळते.

घासाघीस म्हणाल तर एक हिशोब मांडतो. समजा, एक प्रेस पार्ट आहे, म्हणजे प्रेस मशीनवर पत्र्यातून कापलेला. तयार पार्टचं वजन २८० ग्रॅम, पण पट्टीतून तो कापायला ४०० ग्रॅम पत्रा लागतो. पत्रा ७० रुपये किलो, स्क्रॅप ३० रुपये किलो. म्हणजे पत्र्याचे २८ रुपये, त्यातून स्क्रॅपचे ३.६० वजा, मटेरियल पडलं २४.४० ला. व्हेंडरने ४६ रुपयांचं कोटेशन दिलंय. नवखा माणूस ‘४४ ला द्या’ म्हणत फोनवर बसतो. शॉपवर गेलात आणि पट्टीवर पार्टची मांडणी थोडी फिरवून ४०० चे ३६० ग्रॅम झाले, तर मटेरियल २२.८० ला येतं. पार्टमागे १.६० रुपये सुटले, वर्षाला पाच लाख नग असतील तर आठ लाख झाले. डाय (पार्ट कापायचा साचा) नवी करायची वेळ आली असेल तेव्हाच हे करून घ्यायचं, कारण चालू डाय कोणी त्यासाठी मोडत नाही. व्हेंडरच्या नफ्याला हात न लावता काढलेला हा पैसा टिकतो. दाबून काढलेला पैसा सहा महिन्यांत रिजेक्शन होऊन परत येतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

लोक मला विचारतात, जालना साठ किलोमीटरवर, तिथे एवढं स्टील बनतं, मग पत्रा लांबून का मागवता? जालन्याचा जोर बांधकामाच्या सळईवर आहे. आपल्याला लागतो ठरलेल्या ग्रेडचा पत्रा, तोही मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटसह.

कागदावर सगळं बरोबर असूनही माल चुकीचा असू शकतो. एकदा एका छोट्या व्हेंडरकडे झिंक प्लेटिंगचे (जस्ताचा मुलामा दिलेले) ब्रॅकेट बघत होतो. नेहमीपेक्षा पिवळे, इंद्रधनुषी झाक जास्त. विचारलं तर कळलं, नेहमीच्या प्लेटिंगवाल्याकडे गर्दी होती म्हणून माल दुसऱ्याकडे टाकला, आणि त्याच्याकडे जुन्या पद्धतीचं हेक्झाव्हॅलंट क्रोमचं पॅसिव्हेशन (मुलाम्यावर गंज रोखणारा शेवटचा थर) चालतं. युरोपच्या रोह्स नियमात, म्हणजे इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या घातक पदार्थांवरच्या नियमात, हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची मर्यादा ०.१ टक्का आहे. तो लॉट वेगळा काढून तपासणीला पाठवला. व्हेंडरच्या मनात खोट नव्हती, त्याला वेळेत माल द्यायचा होता. म्हणून मी आता प्लेटिंगवाल्याचं नावही मंजुरीत लिहून घेतो, आणि ते बदलायचं असेल तर आधी कळवायचं ही अट पीओवरच (खरेदीच्या ऑर्डरवरच) टाकतो.

जहाजांचं थोडक्यात सांगतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि युरोपकडे जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले. दहा-बारा दिवस वाढले. तेवढा स्टॉक कोणाच्या पैशाने ठेवायचा, यावर ग्राहकाशी आधीच बोलून ठेवायचं. चीनच्या नववर्षाच्या सुट्टीचंही तसंच, दरवर्षी ठरलेली असूनही दरवर्षी धावपळ होते.

दिवस लांब असतो. सकाळी साडेसहाला इथे चहा घेताना चीनमधल्या शेन्झेनमध्ये नऊ वाजलेले असतात, आणि अमेरिकेचे कॉल रात्री. इंग्रजीचं दडपण घेऊ नका. ड्रॉइंग समोर असलं की साधी वाक्यं पुरतात.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. ग्राहक आपल्या कंपनीला ९० दिवसांनी पैसे देतो, म्हणून आपण वाळूजच्या छोट्या शेडवाल्याला तेवढंच थांबवायचं, हे बरोबर नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदत चुकवली तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. अकाउंट्सवाल्यांना दुसरं काही पटलं नाही तरी हे पटतं. ज्याचे पैसे वेळेवर जातात तो दिवाळीच्या तोंडावरही माणसं थांबवून तुमची डाय मशीनवर चढवतो.

मुलाखतीत तीन गोष्टी विचारा: किती पार्टचे व्हेंडर ग्राहकाने ठरवलेत, छोट्या व्हेंडरचे पैसे किती दिवसांत जातात, आणि आठवड्यातून किती वेळा व्हेंडरकडे जाऊ देतात. तिसऱ्याचं उत्तर ‘गरजच पडत नाही, एक्सेलवर सगळं दिसतं’ असं आलं, तर पगार जास्त असला तरी मी जाणार नाही.