अर्धे सात, अडीच आणि औट

प्रश्न असा आहे: 'हाफ पास्ट सिक्स'ला जर्मनमध्ये 'हाल्प झीबन', म्हणजे 'अर्धे सात', का म्हणतात? जर्मन लोक वेळ उलटी मोजतात का?

नाही. हे 'उलटी मोजतात' ऐकून ऐकून कान किटले. सातवा तास अर्धा झाला म्हणून अर्धे सात, इतकं सरळ आहे. घोटाळा होतो तो इंग्रजीच्या कुबड्या घेऊन जर्मन शिकल्यामुळे. इंग्लंडात 'हाफ सेव्हन' म्हणजे साडेसात. तोच अर्थ धरून बसलेला माणूस बर्लिनमध्ये तासभर उशिरा पोचणार. थेट मराठीतून जा ना! पूर्वेकडचे आणि नैऋत्येचे जर्मन 'ड्रायफिअर्टल झीबन' म्हणतात, ते आपले पावणेसात. 'इन आख्ट टागन' म्हणजे आठ दिवसांनी, आणि त्यांचे आठ दिवसही आपल्यासारखेच सातच असतात.

पण खरा आनंद अडीचमध्ये आहे. 'साडे' म्हणजे सार्ध, अर्ध्यासकट. ते सगळ्यांना माहीत आहे. अडीच मात्र अर्धतृतीय, प्राकृतात अड्ढाइज्ज: दोन पुरे, तिसरा अर्धा. जुन्या जर्मनमध्ये अडीचला काय म्हणत? 'ड्रिटहाल्प', तिसरा अर्धा! दीडला तर आजही 'आंडरटहाल्प' चालतं, कारण 'आंडर'चा जुना अर्थ 'दुसरा'. आपलं दीडही तसंच, द्व्यर्ध, प्राकृतात दिवड्ढ. त्याची फोड 'दोन अर्धे' अशी करणाऱ्यांनी बेरीज करून पाहावी, एकच येईल. आणि हे जर्मनांनी संस्कृतातून उचललं असंही कोणी सांगू नये. डॅनिश आणि रशियन दीडही याच रीतीने बनलं आहे.

आता चौथा अर्धा. अर्धचतुर्थ, प्राकृत अद्धुट्ठ, मराठी औट. साडेतीन! औट हात देह, पाढ्यांतली औटकी आणि 'औट घटकेचं राज्य' यांतला औट तो हाच. लोक त्याला इंग्रजी 'आऊट' समजतात तेव्हा जीव तुटतो. घटका 24 मिनिटांची, म्हणजे हे राज्य नेमकं 84 मिनिटांचं. काही पंडित औट 'अध्युष्ट'पासून काढतात. त्यांनी गाडी बैलांपुढे जुंपली आहे: अध्युष्ट हा मुळात अद्धुट्ठलाच मागाहून चढवलेला संस्कृत अंगरखा. शब्द प्राकृतात घडला, ते कबूल करायला एवढी लाज कसली?