लघवीतून रक्त गेलं, सोनोग्राफी नॉर्मल आली. आता सीटी स्कॅन करावा का?

लघवी डोळ्यांना लाल दिसली असेल आणि वय चाळिशीच्या पुढे असेल, तर बहुतेक वेळा हो. विशेषतः दुखत नसेल आणि तंबाखू-विडीची सवय असेल तर अजिबात थांबू नका. रक्त आपोआप थांबलं तरीही.

सोनोग्राफीत किडनीची सूज, मोठे खडे, मोठी गाठ दिसते. पण मूत्रवाहिनीचा (किडनीतून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीचा) मधला भाग आतड्यातल्या गॅसमागे लपतो, तिथला ४-५ मिमीचा खडा सहज सुटतो. मूत्राशय नीट भरलेलं नसेल तर छोटी गाठ भिंतीच्या घडीत हरवते. रिपोर्टमध्ये 'ब्लॅडर पार्शली डिस्टेंडेड' (मूत्राशय अर्धवट भरलेलं) लिहिलंय का, ते आधी बघा.

खड्याचाच संशय असेल तर साधा, कॉन्ट्रास्टशिवायचा (डाय, म्हणजे फोटोत उठून दिसणारं औषध, न देता केलेला) सीटी पुरतो. गाठ शोधायची तर सीटी युरोग्राफी: आधी साधे फोटो, शिरेतून डाय दिल्यावर साधारण दीड मिनिटाने किडनीचे, मग ८-१५ मिनिटांनी डाय लघवीत उतरल्यावर मूत्रवाहिन्यांचे. हा शेवटचा टप्पा वगळला तर मूत्रवाहिनीतली गाठ निसटू शकते. आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) तपासा. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी), डायची अ‍ॅलर्जी, गरोदरपण हे कोणी विचारलं नाही तरी सांगा.

सीटी नॉर्मल आला तरी मूत्राशयाच्या आतल्या अस्तरासाठी दुर्बिणीची तपासणी, म्हणजे सिस्टोस्कोपी, लागतेच. चपटी गाठ स्कॅनमध्ये दिसत नाही.

लघवीत प्रोटीनही जात असेल, पायांवर सूज असेल, तर आधी नेफ्रॉलॉजिस्टकडे (किडनीच्या आजारांच्या डॉक्टरांकडे) जा. तिथे कारण बऱ्याचदा किडनीच्या गाळणीत असतं आणि ते स्कॅनमध्ये सापडत नाही.