६२ लाखांची रेघ आणि १० लाखांचा विमा

मुलुंडच्या एका वाचकांनी एक्सेलमधला आलेख पाठवलाय. एप्रिल २०२० ते सप्टेंबर २०२४ दरम्यानचा महिनाअखेरचा सेन्सेक्स ठिपक्यांनी मांडून त्यातून ट्रेंडलाइन काढली आहे. वाढ वर्षाला साधारण २० टक्के, आर-स्क्वेअर (रेघ ठिपक्यांवर किती चपखल बसते याचं माप, जास्तीत जास्त १) ०.९ च्या आसपास. वय ३८, मुलगी आठ वर्षांची. एफडीतले १० लाख मोडून सगळे इंडेक्स फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात) टाकले, तर तिच्या इंजिनिअरिंगपर्यंत ६२ लाख होतील, टाकू का? शेवटी एक ओळ: "विम्याची काळजी नाही. मुलगी पाच वर्षांची असताना बँकेतून चाइल्ड प्लॅन घेतलाय, हप्ता वर्षाला एक लाख."

आधी आलेख. ठिपके खरे आहेत, पण सुरुवात करोनाच्या पडझडीत आणि शेवट बाजाराच्या शिखरावर. पुढचे महिने का गाळलेत? फेब्रुवारी २०२५ अखेर सेन्सेक्स ७३,००० वर आला होता. शिवाय तुम्ही एक्स्पोनेन्शियल रेघ निवडलीत, म्हणजे दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढणारी. त्याच ठिपक्यांवर लिनियर, म्हणजे सरळ रेघ लावून बघा. आर-स्क्वेअर तसाच ०.९ च्या आसपास, पण वाढ वर्षाला साधारण १०,००० अंशांची. मग २०३४ च्या सेन्सेक्सचं उत्तर सव्वापाच लाखांवरून १,८५,००० च्या आसपास येतं, आणि तुमच्या ६२ लाखांचे २२ लाख होतात. ठिपके आहेत तिथवर दोन्ही रेघा जवळजवळ चालतात, फाटा फुटतो तो पुढे. साडेचार वर्षांच्या माहितीवरून दहा वर्षांचा अंदाज बांधूच नये. एप्रिल २००३ मधल्या ३,००० पासून जानेवारी २००८ मधल्या २१,००० पर्यंतही अशीच देखणी रेघ निघाली असती. मार्च २००९ मध्ये सेन्सेक्स ८,००० च्या घरात होता. मी वर्षाला १० टक्के वाढ धरतो.

पण मला घोर लागलाय तो शेवटच्या ओळीचा.

पॉलिसीचे कागद जोडलेत ते बरं केलंत. विमा रक्कम १० लाख, हप्ते पंधरा, मुदत २० वर्षं. म्हणजे पैसे मिळणार मुलगी पंचविशीत गेल्यावर, अ‍ॅडमिशन मात्र अठराव्या वर्षी. मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून हे गळ्यात मारणाऱ्या रिलेशनशिप मॅनेजरने तिचं वय तरी विचारलं होतं का? त्याने पेनाने गोल केलेले २९ लाख वर्षाला ८ टक्के वाढ गृहीत धरलेल्या रकान्यातले आहेत. शेजारी ४ टक्क्यांचा रकाना आहे, त्याबद्दल चकार शब्द नाही. दोन्हींची हमी नसते. आणि ते २९ लाख मिळाले तरी खर्च वजा जाता तुमच्या हप्त्यांवर परतावा पडतो जेमतेम ५ टक्के.

आता तुम्हाला काही झालं तर? गृहकर्ज ५५ लाख बाकी, कमावते तुम्ही एकटे, घरखर्च महिना ६० हजार. १० लाखांत कर्जाचा पाचवा हिस्साही फिटत नाही. पत्नी आणि मुलगी खाणार काय, आणि राहणार कुठे? कर्जाचे ५५ लाख आणि पंधरा वर्षांच्या घरखर्चाचे कोटीभर धरून किमान दीड कोटीचा साधा टर्म प्लॅन (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा विमा) घ्या, साठीपर्यंतचा. सिगारेट नसेल, तब्येत ठणठणीत असेल तर हप्ता वर्षाला २०-३० हजारांत बसावा. तो १८७४ च्या विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली घ्या. प्रपोजल भरतानाच तसं सांगा. मग ती रक्कम बायको-मुलीचीच राहते, तुमच्या देणेकऱ्यांना त्यावर हक्क सांगता येत नाही. बीपी, शुगर, काहीही लपवू नका. क्लेम तिथेच अडकतात.

ही पॉलिसी हातात पडल्यावरच, त्याआधी नाही, चाइल्ड प्लॅनचा चौथा हप्ता थांबवा. सरेंडर केल्यास (पॉलिसी मोडल्यास) किती आणि पेड-अप केल्यास (पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू ठेवल्यास) किती, हे कंपनीकडून लेखी मागवा. तीन लाखांतले बरेच बुडतील, वाईट वाटेल. पण त्यासाठी आणखी १२ लाख भरू नका. टर्म प्लॅनचा हप्ता भरून उरलेल्या पैशांची इंडेक्स फंडात महिना ६,००० ची एसआयपी दहा वर्षांत १२ लाखांच्या आसपास जाईल.

एफडी? ईएमआय धरून तुमचा महिन्याचा खर्च १ लाख १० हजार. सहा महिन्यांचे सात लाख हलवायचे नाहीत. उरलेले तीन इंडेक्स फंडात, वर्षभरात थोडे थोडे. मुलगी दहावीला गेली की तिथून दरवर्षी पैसे काढून एफडीत आणायला लागा. टर्म प्लॅनची मेडिकल मात्र याच महिन्यात उरका.