वाचकांचे प्रश्न : कॅन्सरच्या रिपोर्टात काय काय हवं?

प्रश्न : वडिलांच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट तीन ओळींचा आहे : स्क्वामस सेल कार्सिनोमा (अस्तराच्या पेशींचा कॅन्सर), कडा मोकळ्या (कापलेल्या काठावर कॅन्सर नाही), मानेतल्या लिम्फ गाठींत कॅन्सर नाही. मुंबईचे डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट अपुरा आहे, ब्लॉक (मेणात बसवलेले नमुन्याचे तुकडे) घेऊन या. पहिला रिपोर्ट चुकला का? (एक वाचक, दापोली)

उत्तर : निदान चुकलं असं यावरून म्हणता येत नाही. पण रेडिएशन द्यायचं की नाही, हे एवढ्यावर ठरत नाही. मुख्य उणीव खोलीची, म्हणजे कॅन्सर आत किती खोल गेला या नोंदीची आहे. २०१८पासून वापरात आलेल्या टीएनएमच्या (कॅन्सर किती पसरला हे ठरवण्याच्या पद्धतीच्या) आठव्या आवृत्तीत तोंडाच्या कॅन्सरच्या मूळ गाठीची पायरी (टी१, टी२ वगैरे) आकार आणि खोली या दोन्हींवर ठरते. गाठ दीड सेंटिमीटरची आणि खोली ४ मिलिमीटर असेल तर टी१. तीच गाठ ७ मिलिमीटर खोल असेल तर टी२. तीन सेंटिमीटरची गाठ १० मिलिमीटरपेक्षा खोल गेली की टी३.

खोली म्हणजे गाठीची जाडी नव्हे. शेजारच्या निरोगी अस्तराच्या तळाची पातळी धरायची आणि तिथून काटकोनात सर्वांत खोल पेशीपर्यंत मोजायचं. जखम होऊन खड्डा पडलेल्या गाठीत जाडी मोजली तर आकडा कमी येतो, वर फुगलेल्या गाठीत उगाच जास्त.

‘कडा मोकळ्या’ हेही पुरेसं नाही. मोकळी जागा ५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तिला सहसा ‘जवळची कड’ धरतात, म्हणून प्रत्येक कडेचं अंतर आकड्यात हवं. लिम्फ गाठी किती तपासल्या आणि त्यांतल्या किती बाधित, हेही हवं. बाधित लिम्फ गाठीचं कवच फोडून कॅन्सर बाहेर आला असेल किंवा कडेवर कॅन्सर असेल, तर रेडिएशनसोबत केमोचा विचार होतो. नसांभोवती आणि रक्तवाहिन्यांत शिरकाव आहे का, याचीही नोंद लागते. नसेल तर ‘आढळला नाही’ असं स्पष्ट लिहायला हवं. काहीच लिहिलं नाही तर पाहिलं आणि नव्हतं, की पाहिलंच नाही, हे पुढच्या डॉक्टरला कळत नाही.

तुम्ही आजच लॅबला फोन करा आणि उरलेला नमुना टाकून देऊ नका म्हणून सांगा. खोली आणि शिरकाव जुन्या स्लाइडवर पुन्हा पाहता येतात, पण एखाद्या कडेचा तुकडाच घेतला नसेल तर मूळ नमुना लागतो. सगळे ब्लॉक, स्लाइड, मूळ रिपोर्ट आणि ऑपरेशनची नोंद बरोबर न्या. ब्लॉक मेणाचे असतात, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. रेडिएशन लागणार असेल तर ते ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं, म्हणून वेळ घालवू नका.

प्रश्न : आमच्या छोट्या हॉस्पिटलमधून स्तनाच्या ऑपरेशनचे नमुने घाट चढून लॅबला जातात. ईआर, पीआर, हर-टू (कोणती औषधं लागू पडतील हे सांगणाऱ्या गाठीवरच्या चाचण्या) यांचे निकाल वारंवार ‘पुन्हा तपासा’ असे येतात. कुठे चुकतंय? (ऑपरेशन थिएटर परिचारिका, सिंधुदुर्ग)

उत्तर : बहुतेक वेळा फॉर्मलिनपाशी, म्हणजे नमुना टिकवण्याच्या द्रावणापाशी. फॉर्मलिन मांसात ताशी साधारण एक मिलिमीटर शिरतं. अख्खं स्तन बरणीत टाकलं तर गाठ आतल्या आत कुजू लागते आणि ईआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. नमुना निघाल्यापासून तासाभरात फॉर्मलिनमध्ये गेला पाहिजे. लॅबशी आधी बोलून ठेवा : सर्जनने दिशादर्शक टाके घालायचे, कडांना शाई लावायची, मग मागच्या बाजूने ५ ते १० मिलिमीटरवर समांतर काप द्यायचे, त्वचा अखंड ठेवायची आणि कापांमध्ये गॉझ सरकवायचा. बरणी रुंद तोंडाची, फॉर्मलिन नमुन्याच्या किमान दहापट.

फॉर्मलिन बफर केलेलंच (क्षार घालून आम्ल होऊ न दिलेलं) हवं, कारण आम्ल झालेल्या फॉर्मलिनमुळे मांसात काळपट कण उरतात. एक लिटरसाठी बाजारातलं फॉर्मलिन १०० मिलिलिटर, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिलिलिटर, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि कोरडं डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट साडेसहा ग्रॅम. सलाइनमध्ये नमुना कधीच पाठवू नका.

मांस फॉर्मलिनमध्ये ६ ते ७२ तास राहिलं पाहिजे. शनिवारचं ऑपरेशन, त्यात गणपतीची सुट्टी किंवा पावसात बंद पडलेला घाट आला की ७२ तास सहज उलटतात. म्हणून अशा रुग्णांचं ऑपरेशन शक्यतो आठवड्याच्या सुरुवातीला घ्या. नमुना काढल्याची आणि फॉर्मलिनमध्ये टाकल्याची, अशा दोन्ही वेळा फॉर्मवर लिहा. त्या नसतील तर निगेटिव्ह निकालावर किती भरवसा ठेवायचा, हे पॅथॉलॉजिस्टला ठरवता येत नाही.

प्रश्न : मी एकटीच लॅब चालवते. ठरावीक मुद्द्यांच्या साच्यात रिपोर्ट द्यायला महागडं सॉफ्टवेअर लागतं का? (पॅथॉलॉजिस्ट, कुडाळ)

उत्तर : नाही. साध्या वर्ड फाइलमध्ये डावीकडे मुद्दा, उजवीकडे उत्तर, एका ओळीत एकच, एवढं पुरतं. ऑस्ट्रेलेशिया, ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडातल्या पॅथॉलॉजिस्ट संघटनांनी २०११मध्ये सुरू केलेल्या आयसीसीआर या कॅन्सर रिपोर्टिंगच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या, रिपोर्टात काय हवं ते सांगणाऱ्या अवयववार याद्या वेबसाइटवर फुकट मिळतात. तोंड, स्तन आणि मोठं आतडं या तिघांपासून सुरुवात करा. आतड्याच्या नमुन्यात बारापेक्षा कमी लिम्फ गाठी सापडल्या तर चरबी पुन्हा चाळून बघा. शेवटी ‘शेरा’ची जागा मोकळी ठेवा, जे चौकटीत बसत नाही ते तिथे सविस्तर लिहा. पायरी टीएनएमच्या कोणत्या आवृत्तीनुसार दिली, तेही नोंदवा.