ज्ञानेशचा 'दनयानेत' होतो तेव्हा

तुमची पोस्ट वाचली आणि दहा वर्षांपूर्वीचा मीच समोर आलो. तुमचीही बँकॉकात नोकरी, उदोनकडची (ईशान्य थायलंडातली) मुलगी, गावातल्या लग्नाची तारीख ठरलेली आणि तुमचे कागद नोंदणीच्या खिडकीवरून 'नाव जुळत नाही' म्हणून परत.

वकिलातीचं अविवाहित असल्याचं पत्र, त्याचं थाई भाषांतर, बँकॉकातल्या चेंग वत्थनाला थाई परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग आम्फो किंवा खेतमध्ये (तालुक्याच्या किंवा शहरातल्या विभागाच्या कचेरीत) नोंदणी, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहेच. मला नडलं ते नावाचं थाई स्पेलिंग.

माझं नाव ज्ञानेश. वर्क परमिटच्या वेळी कंपनीतल्या मुलीने मला नाव उच्चारायला सांगितलं आणि कानाला आलं तसं 'यानेत' लिहिलं. (थाईत शब्दाच्या शेवटचा श म्हणजे त. आपल्या विघ्नेशाचाही तिथे 'फिखनेत' होतो.) लग्नाच्या वेळचा भाषांतरकार वेगळा. त्याने पासपोर्टवरची इंग्रजी अक्षरं एकेक करून उतरवली. आपण 'ज्ञ'ला डी-एन-वाय लिहितो ना, त्याचा झाला 'दनयानेत'. मला थाई वाचता येत नव्हतं, बायकोने पाहिलं, तिला वाटलं भारतीय नावं अशीच असणार. नोंदणी झाली, प्रमाणपत्रं मिळाली, पेढे वाटले. म्हणजे तुमचं आधीच अडलं हे नशीबच समजा.

दोन वर्षांनी नोकरी सोडली आणि लग्नाच्या आधारावर मुक्कामाची परवानगी वाढवायला इमिग्रेशनमध्ये गेलो. ४ लाख बाट दोन महिने खात्यात पडून होते, घराबाहेर उभं राहून दोघांचे फोटो काढले होते, सगळं चोख. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, यानेत कोण आणि दनयानेत कोण? कार्यालयाचं नाव घेत नाही. त्यांनी आम्फोकडे पाठवलं. आम्फो म्हणालं, शिक्का मारलेल्या भाषांतरात आहे तेच आम्ही लिहिलं, तुम्ही भाषांतर बदलून आणा. भाषांतर बदललं तर पहिल्या खिडकीवर म्हणे, आता हे प्रमाणपत्राशी जुळत नाही. इंग्रजी नाव तिन्ही कागदांवर एकच होतं हो! पासपोर्ट नंबर एकच! पण ते पाहायला कोणी तयार नाही. हसतमुखाने नमस्कार करून नकार, आवाज चढवायचीही सोय नाही. चढवलात तर काम कायमचं गेलं समजा.

त्यात नोकरी सुटली की तिच्यावरची मुक्कामाची परवानगीही त्याच दिवशी संपते, हे मी गृहीतच धरलं नव्हतं. शेवटी रात्रीच्या बसने नोंगखाई, पूल ओलांडून लाओसमधलं व्हिएन्टियान, तिथून नवा व्हिसा. नावाची दुरुस्ती त्यानंतर चार महिन्यांनी.

म्हणून माझं ठाम मत: आधी वर्क परमिट उघडा आणि त्यातलं थाई नाव अक्षरन् अक्षर भाषांतरकाराला द्या, भले ते कानाला कसंही लागो. बँक, वाहन परवाना, पुढे पिवळं तबियन बान (परदेशी माणसाचं घरनोंदणीचं पुस्तक), सगळीकडे तेच. वडिलांचं नाव पासपोर्टात असेल तर तेही. मी वकील नाही, नियम बदलतात, आणि दोन आम्फो कधी एकसारखे वागत नाहीत. तरी हे कराच.

सिनसोतबद्दल, म्हणजे नवऱ्याने मुलीच्या घरी द्यायच्या रकमेबद्दल, विचारलंत. आकडा मी सांगणार नाही, तो घराघरावर असतो. सासूबाईंनी आधी मलाच विचारलं, तुमच्याकडे मुलीवाले पैसे देतात ना? (तिथे बहुतेकांना हेच माहीत असतं.) मग काय बोलणार! ताटात मांडलेली रक्कम सगळ्यांसमोर मोजतात, पुष्कळ घरांत नंतर काही किंवा सगळी परतही देतात, पण ते आधी बायकोमार्फत बोलून घ्या, ताटासमोर नको. आणि 'पाच बाट' म्हणाले तर चलन की सोनं ते विचारा. सोन्याचा बाट म्हणजे दागिन्यात १५.१६ ग्रॅम, आपला सुमारे दीड तोळा (दहा ग्रॅमचा धरून), तोही ९६.५ टक्के शुद्ध. माझा एक फरांग (गोरा परदेशी) सहकारी 'दहा बाट, त्यात काय' म्हणून मान हलवून बसला होता. खन माकच्या, म्हणजे नवरदेवाच्या, मिरवणुकीत करवल्या साखळी धरून वाट अडवतात, त्यांच्यासाठी पाकिटं मात्र भरपूर न्या, मला तिसऱ्या साखळीला मेहुण्याकडून उसने घ्यावे लागले.

गावातला विधी कितीही थाटात झाला तरी नोंदणीशिवाय कायद्याने लग्न नाही, तारखेवरून घरचे घाई करत असतील तर हे आठवा. तारीख गाठायची म्हणून चुकीच्या नावावर नोंदणी उरकू नका, विधी आधी आणि नोंदणी महिन्याने झाली तरी चालते, आमच्या मेहुणीचं तसंच झालं.

परमिटावरचं नाव इथे टाकू नका, मला व्यक्तिगत निरोप करा. बायकोला दाखवून सांगतो कुठे फरक पडतोय ते.